कबड्डीत कोपरारक्षकाचे खरे मोल कशात?

सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. प्रो कबड्डीत त्यांच्या राज्याचा संघ म्हणजे अहमदाबादचा गुजरात जायंट्स. या संघाने २०२५ च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २.२३ कोटी रुपये मोजले. त्या लिलावातील ती सर्वोच्च बोली होती. शादलुईची नोंद अष्टपैलू अशी असली, तरी त्याची ख्याती डाव्या कोपऱ्यातील पकडींसाठी आहे.

सात बचावपटूंच्या साखळीची दोन टोके म्हणजे कोपरारक्षक. चढाईपटूला निदानरेषा ओलांडावीच लागते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील, तर बोनस रेषेचा मोहही असतो. त्यासाठी पाय पुढे पडला की घोट्याची पकड करायची ती कोपरारक्षकाने. मात्र पहिली झेप त्याची असली, तरी पकड पूर्ण होते ती शेजारचा मध्यरक्षक वेळेवर धावून आला तरच. अर्ध्या क्षणाची घाई झाली, तर एक गुण जातो आणि गडीही बाद होतो.

म्हणूनच केवळ पकडींच्या आकड्यांवरून त्याची किंमत ठरवणे फसवे ठरते. उत्तर प्रदेश योद्धाच्या नितेश कुमारने सहाव्या हंगामात उजव्या कोपऱ्यातून पकडींचे १०० गुण मिळवले. हा पराक्रम मोठाच. परंतु ज्याच्या धाकाने चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही आणि तीस सेकंद संपवून रिकाम्या हाती परततो, त्या कोपरारक्षकाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. अशा दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’ची ठरते. तिथे चढाईपटूला धोका पत्करावाच लागतो, आणि कोपरारक्षक नेमकी त्याचीच वाट पाहत असतो.

गुजरातने हे एकदा अनुभवले आहे. २०१७ मध्ये पदार्पणातच संघ अंतिम फेरीत गेला, तेव्हा डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली, उजव्यात अबोझर मिघानी, तर मध्ये सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल होते. तो संच पुढे विस्कटला. अंतिम सामन्यात मात्र पाटण्याच्या प्रदीप नरवालने एकट्याने १९ गुण मिळवत हा बचावही भेदला आणि गुजरातला ३८-५५ असा पराभव पत्करावा लागला.

शादलुईने पुणेरी पलटण आणि हरियाणा स्टीलर्स या दोन संघांसह लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली होती. दोन्हीकडे त्याच्या जोडीला जुळलेला बचाव होता. गुजरातला २०२५ मध्ये बाद फेरीही गाठता आली नाही. त्याच हंगामात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवून विजेतेपद पटकावले. त्या संघाच्या डाव्या कोपऱ्यात होता अनुभवी फझल अत्राचली.