रॉबर्ट जावोर्स्की : बंदीपासून बहुमानापर्यंत

आशिया खंडात सर्वाधिक कॅथोलिक लोकसंख्या फिलिपाइन्स या द्वीपराष्ट्रात आहे. तेथे गावोगावी, पुष्कळदा चर्चच्या जवळच, बास्केटबॉलचे मैदान हमखास आढळते. या खेळावर जिवापाड प्रेम करणाऱ्या फिलिपिनो जनतेने ज्या खेळाडूला सर्वाधिक जीव लावला, त्यांत रॉबर्ट जावोर्स्की यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

जावोर्स्की यांचा जन्म ८ मार्च १९४६ रोजी बागियो या डोंगराळ शहरात झाला. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, तर आई फिलिपिनो होती. मनिला येथील युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्टच्या संघातून ते प्रकाशात आले. १९६७ साली सोल येथे आशियाई विजेतेपद पटकावणाऱ्या राष्ट्रीय संघात त्यांचा समावेश होता. पुढील वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्येही ते खेळले.

१९७१ मध्ये मात्र या उज्ज्वल वाटचालीला गालबोट लागले. मेराल्को संघाकडून क्रिस्पा संघाविरुद्ध खेळताना जावोर्स्की व त्यांचे सहकारी आल्बेर्तो रेनोसो यांनी पंचांवर हात उगारला. दोघांवरही आजीवन बंदी घालण्यात आली. त्या वेळी जावोर्स्की अवघे पंचवीस वर्षांचे होते. १९७३ मध्ये ही बंदी उठवण्यात आली. त्याच वर्षी मनिला येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत फिलिपाइन्सने विजेतेपद मिळवले आणि त्यात या दोघांचाही वाटा होता.

९ एप्रिल १९७५ रोजी फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन (पीबीए) ही आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. जावोर्स्की टोयोटा संघाचे आधारस्तंभ होते. टोयोटा व क्रिस्पा यांच्यातील चुरशीने सारा देश दुभंगत असे. स्वभावातील उग्रता एकाएकी मावळली नव्हती. १९७७ मध्ये, देशात लष्करी कायदा लागू असताना, एका सामन्यानंतर दोन्ही संघांत हाणामारी झाली आणि खेळाडूंना काही काळ लष्करी तळावर स्थानबद्ध व्हावे लागले. त्यानंतरच्याच वर्षी, १९७८ मध्ये, जावोर्स्की लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले.

१९८४ मध्ये टोयोटा संघ विसर्जित झाला. जावोर्स्की गिल्बीज जिन संघात गेले. हाच संघ पुढे जिनेब्रा या नावाने घराघरात पोहोचला. १९८५ पासून ते खेळाडू व प्रशिक्षक अशी दुहेरी धुरा वाहू लागले. त्याच वर्षी एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या कोपराने त्यांचा ओठ फाटला. टाके घालून घेऊन ते पुन्हा मैदानात उतरले आणि पिछाडीवर पडलेल्या संघाने सामना जिंकला. ‘हार मानायची नाही’ हे जिनेब्राचे ब्रीद तेव्हापासून लोकांच्या मनावर कोरले गेले.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९८६, १९८८, १९९१ आणि १९९७ मध्ये विजेतेपदे मिळवली. १९९१ च्या अंतिम फेरीत शेल संघाविरुद्ध १-३ अशी पिछाडी असताना जिनेब्राने सलग तीन सामने जिंकले. निर्णायक सामन्यात शेवटच्या क्षणी रूडी डिस्ट्रिटो यांनी विजयी बास्केट नोंदवली. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंचा पहिला फिलिपिनो संघ रौप्यपदक घेऊन परतला. त्याचे प्रशिक्षकही जावोर्स्कीच होते.

वयाची पन्नाशी गाठल्यावरही ते मैदानात उतरत होते. १९९८ मध्ये ते देशाच्या सिनेटवर निवडून आले आणि २००४ पर्यंत त्यांनी सिनेटर म्हणून काम पाहिले. २००५ साली पीबीएने आपल्या सन्माननीय खेळाडूंच्या पहिल्या यादीत त्यांचा समावेश केला. २०१२ साली जिनेब्राने त्यांचा ७ क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त केला.

आपल्या पासवर सहकाऱ्याने गुण मिळवला की बास्केटबॉलमध्ये त्याला ‘असिस्ट’ म्हणतात. जावोर्स्की यांच्या नावावर पीबीएमध्ये अशा ५,८२५ असिस्टची नोंद आहे. कोवळ्या वयात ज्या हातांनी पंचांवर प्रहार केला, त्याच हातांनी पुढे हजारो वेळा चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन केला. दोन वर्षांनी उठलेल्या त्या बंदीचे मोल या एका आकड्यावरून कळते.