बंदिस्त वन्यप्राणी : धारकाची कायदेशीर जबाबदारी

शिकारीचे अथवा अन्य वन्यप्राणी खाजगी ताब्यात ठेवणाऱ्यावर येणारी वैधानिक बंधने. संस्थानी अमलात चित्ते वा काळवीट बाळगणे हा मर्जीचा मामला असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मात्र कायदा मोडून पकडलेला वा कोंडलेला वन्यप्राणी राज्य शासनाची मालमत्ता ठरतो. ज्याच्या ताब्यात अनुसूचित प्राणी पूर्वीपासून होता, त्याने मुख्य वन्यजीव रक्षकाच्या दप्तरी विहित मुदतीत इत्तला देऊन मालकीचा दाखला घ्यावा, आणि निवारा व निगा यांची तजवीज पुरेशी असल्याची खातरजमा झाल्यावाचून तो दिला जाऊ नये, अशी योजना आहे. दाखला असूनही विक्री निषिद्धच.

मुंबई उपनगरांत प्रश्न वाघ-चित्त्यांचा क्वचितच असतो. अंधेरी, घाटकोपर वा मुलुंड येथील सदनिकेत पिंजऱ्यात ठेवलेला देशी पोपट, किंवा लक्ष्मी येईल या भाबड्या समजुतीने पाळलेले तारांकित कासव, हेही संरक्षित वन्यप्राणीच होत, आणि अज्ञान ही सबब चालत नाही. आफ्रिकी करड्या पोपटासारख्या परदेशी प्रजातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक झाली.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील दत्तक योजना याहून निराळी : तीत दाता पालनपोषणाचा खर्च उचलतो, ताबा उद्यानाकडेच राहतो.

ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास वा शरीरास धोका पोहोचू नये याची खबरदारी घेण्यात कसूर केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.