दिनविशेष : १४ डिसेंबर

२०२० : पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे यांचे निधन. जन्म १९३४, गाव चिकोडी तालुक्यातील एकसंबा. घडले मात्र कोल्हापूरच्या तालमीत. १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला चीत करून त्यांनी पहिल्यावहिल्या हिंदकेसरीची गदा खांद्यावर घेतली आणि ‘हिंदकेसरी’ ही बिरुदावली जन्मभर त्यांच्या नावापुढे लागली.

एवढा लौकिक एका गदेवर? शंका अगदीच वावगी नाही. पुढच्याच वर्षी हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर आणि १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने या दोघांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य आणले. आंदळकर टोकियो ऑलिंपिकलाही खेळले. पदकांच्या हिशेबात खंचनाळे मागे पडतात, हे मान्य करावेच लागेल.

पण ते लाल मातीचे मल्ल. गुणांची बेरीज नाही, पाठ टेकली की कुस्ती संपली! त्यात जड गटात पंजाबी मल्लांचा तेव्हा दरारा. त्यांच्यापैकीच एकाला, तेही दिल्लीत, आभाळ दाखवणे सोपे नव्हते. आंदळकर सरस मल्ल असतील, तरी खंचनाळेंचे नाव फुकटचे नाही.