दचका कुणी सोसायचा?

चाकोरी हा शब्द आपण हल्ली माणसाच्या आयुष्याबद्दलच वापरतो. नोकरी, घर, हप्ते, म्हणजे चाकोरी. मुळात मात्र चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने वाटेत पाडलेली खोल रेघ. पाथरीकडच्या काळ्या जमिनीत ती कशी पडते हे पाहिलेल्याला शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी मऊ होते, आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला उत्तम, रस्त्याला वैरी! अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं असलेलं हे गाव त्या काळापासून आजपर्यंत याच मातीवरून ये-जा करत आलं आहे.

आज लिहायचं आहे ते एका अगदी वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल. छोट्या कारला बाहेरून बसवून घेतलेलं हवेचं सस्पेन्शन, आणि त्याचा जळालेला कंप्रेसर बदलणं. पण मला वाटतं, बैलगाडीपासून या कंप्रेसरपर्यंत प्रश्न एकच आहे. रस्त्याचा दचका कुणी सोसायचा?

जुन्या लाकडी बैलगाडीत याचं उत्तर सोपं होतं. सगळ्यांनी. चाकावर लोखंडी धाव, मध्ये लाकडी आरे, आणि साटा थेट कण्यावर. मध्ये कुठेच लवचिक असं काही नाही. खाली अंथरलेला कडबा हेच काय ते सस्पेन्शन. बसणाऱ्याच्या मणक्याला दचका, आणि जुवाखालच्या बैलाच्या मानेला त्याहून मोठा. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली, पण पाथरीला स्टेशन मिळालं नाही. जवळचं स्टेशन मानवत रोड. तिथपर्यंत माल आणि माणसं न्यायचं काम बैलांच्याच मानेवर राहिलं.

इंग्लंडात १८०४ साली ओबदाया इलियट याने घोडागाडीसाठी लंबगोल पोलादी कमानींचं पेटंट घेतलं. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या वाकतात, एकमेकींवर घासतात आणि धक्का जिरवतात. आपल्याकडे टांग्याखाली आल्या त्या अशाच कमानी, आणि ट्रकखाली आपण ज्यांना 'पाटे' म्हणतो तेही तेच. बसणाऱ्याची थोडी सुटका झाली. घोड्याची किंवा बैलाची फारशी नाही.

जनावराची आठवण झाली ती, गंमत म्हणजे, एका गुरांच्या डॉक्टरमुळे. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेलं रबरी चाक केलं आणि १८८८ साली पेटंट घेतलं. (त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसनने असंच पेटंट घेतलं होतं, पण ते लोक विसरून गेले होते.) पुढे आपल्याकडे बैलगाडीलाही टायर आले. गाडी हलकी चालू लागली, धाव रस्ता कापायची तेही थांबलं. आणि मग काय झालं? गाडी हलकी चालते म्हणून लोकांनी तिच्यावर माल जास्त भरला. बैलाचा वाचलेला दचका ओझं होऊन परत त्याच्याच मानेवर आला!

मोटारीचं असंच. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मग इथेही तीच एसटी. तिच्या मागच्या सीटवर बसून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना पोलादी पाट्यांची अडचण समजावून सांगायला नको. पाटे भरलेल्या गाडीच्या वजनाला पेलतील असे कडक करावे लागतात. म्हणून गाडी रिकामी असली की ती जास्त आदळते. उलट रिकामीला मऊ ठेवले तर भरल्यावर ती बसते.

हवेची स्प्रिंग नेमकी इथे उपयोगी पडते. रबरी फुग्यात हवा भरायची, वजन वाढलं की झडपेतून आणखी हवा सोडायची, कमी झालं की थोडी बाहेर काढायची. गाडीची उंची तीच राहते आणि मऊपणाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ पासून बसमध्ये हे वापरलं. आपल्याकडे बऱ्याच जणांना त्याची पहिली ओळख झाली ती २००१ साली व्होल्वोची बस आल्यावर. बसमध्ये ब्रेकसाठी हवा लागतेच, कंप्रेसर इंजिनावरच असतो. त्यामुळे फुग्यांना हवा पुरवणं हे त्याला काही जड काम नव्हे.

छोट्या कारमध्ये हे सगळं नव्याने आणावं लागतं. मोटारीचा इतिहास इथे एक इशारा देऊन ठेवतो. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम या अतिशय महागड्या गाडीत कंपनीनेच हवेचं सस्पेन्शन दिलं होतं. ते गळायला लागलं, आणि बऱ्याच मालकांनी शेवटी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. म्हणजे अडचण मऊपणाची नव्हती, गळतीची होती.

बाहेरून मिळणाऱ्या किटमध्ये चार फुगे, डिकीत एक टाकी आणि बारा व्होल्टवर चालणारा लहानसा कंप्रेसर असतो. टाकीतला दाब ठरावीक आकड्याखाली उतरला की प्रेशर स्विच रिलेला इशारा देतो, कंप्रेसर चालू होतो. दाब भरला की बंद. हा कंप्रेसर थोडा वेळ पळून बराच वेळ विसावा घेण्यासाठी बनवलेला असतो. कुठे तरी बारीक गळती असली की तो दर काही मिनिटांनी उठतो, तापतो, पिस्टनची रिंग झिजते आणि एक दिवस गाडी सकाळी जमिनीला टेकलेली दिसते.

तेव्हा सगळे म्हणतात, कंप्रेसर गेला. तो बदलणं तसं अवघड नाही. आधी गाडी स्टँडवर घ्यायची, कारण हवा सोडली की ती खाली बसते आणि खाली कुणाचा हात असेल तर खैर नाही. मग टाकी पूर्ण रिकामी करायची आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. तारांचा फोटो काढून ठेवावा. नवा कंप्रेसर रबरी बुशांवरच बसवायचा. त्याच्या तोंडाशी विणलेल्या पोलादी जाळीची नळीच हवी, कारण निघणारी हवा गरम असते आणि साधी प्लॅस्टिकची नळी तिथे वितळते. हवा ओढणारी गाळणी धूळ-पाण्यापासून लांब. टाकीच्या तळाचं पाणी सोडून द्यायचं. रिले नवाच घालावा, जुना चिकटला तर नवा कंप्रेसरही थांबायचं नाव घेणार नाही. आणि शेवटी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी. बुडबुडा आला तिथे खरा आजार! तो न शोधता नवा कंप्रेसर घालणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीसाठी नवा दोर आणणं.

कायद्याचंही लक्षात ठेवायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की, कारखान्याने ठरवून दिलेल्या मूळ रचनेला छेद देणारा बदल गाडीत करता येणार नाही. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हा मुद्दा निघाला तर हौस फार महाग पडू शकते.

हा सगळा क्रम बघितला की वाटतं, दचका कधी संपलाच नाही. तो मणक्यावरून बैलाकडे, बैलाकडून पाट्यांकडे, पाट्यांकडून हवेकडे आणि हवेकडून डिकीतल्या त्या बिचाऱ्या कंप्रेसरकडे गेला, एवढंच. आणि ज्याच्याकडे कार नाही, तो अजून मागच्या सीटवर तोच दचका खातो आहे. त्याच्यासाठी कुठलं किट मिळत नाही.

काळ्या मातीतला रस्ता उखडतो त्याचं मोठं कारण पाणी. कडेची नाली बुजली, पाणी खाली शिरलं, माती फुगली, की वरचं डांबर कितीही जाड असो, फाटतंच. वर नवा थर टाकला की वर्षभर बरं वाटतं. कंप्रेसर बदलल्यावर वाटतं, तसंच. हवा गळते तिथे कंप्रेसर मरतो, आणि रस्ता मरतो तिथे कुठे तरी पाणी मुरत असतं. साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासणारा मेकॅनिक गॅरेजात तरी शोधला तर सापडतो. रस्त्याला असा मेकॅनिक मिळेल तेव्हा फुग्यांची गरजही थोडी कमी होईल.