सरासरीत हरवलेलं मावळ

दिवाळी सरली की पश्चिम मावळातल्या कातकरी वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. माणसं कच्च्याबच्च्यांसह वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. लोणावळ्यात मात्र याच दिवसांत हॉटेलात खोली मिळणं मुश्कील. एकाच तालुक्यातली ही दोन चित्रं पाहताना मला प्रश्न पडतो : मावळचं आरोग्य मोजायचं, म्हणजे नेमकं कुणाचं?

मोजणीची परंपरा पुणे जिल्ह्याला नवी नाही. पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच टॉमस कोट्स या कंपनी सरकारच्या शल्यवैद्यानं लोणी, म्हणजे आजचं लोणीकंद, या गावाची पाहणी केली. लोक काय खातात, काय नेसतात, कशा घरात राहतात, किती कर्जात आहेत, हे त्यानं नोंदवलं. १८२३ साली ते टिपण छापून आलं. पुढे गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा नव्यानं अभ्यास करून १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं. तुलना शक्य झाली, कारण कोट्सनं एका गावाकडे नीट पाहिलं होतं.

आजचं मोठं साधन म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पहिली फेरी १९९२-९३ची, पाचवी २०१९-२१ची. २०१५-१६पासून त्यात देशातल्या सर्व जिल्ह्यांचे आकडे मिळू लागले, ही मोठीच सोय. पण नमुना जिल्ह्यापुरता. तालुक्याबद्दल तो बोलत नाही. त्यामुळे पुणे शहर, चाकणचे कारखाने आणि अंदर मावळातला पाडा एकाच सरासरीत मिसळतात. अहवालाच्या कोष्टकांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी ‘अनुसूचित जमाती’ या एकाच रकान्यात बसतात. शेती असलेला कोळी आणि भूमिहीन कातकरी यांच्या गरजा मात्र एक नाहीत.

नीट विचारलं तर काय हाती लागतं, हे गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. दुखणं नवं नव्हतं. तोवर सरकारी कोष्टकांत बाई यायची ती मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजनापुरती. रकानाच नसेल तर आजार कुठे लिहायचा?

मावळाला म्हणूनच स्वतःची मोजणी हवी : नाणे, पवन आणि अंदर मावळ वेगळे धरून, जमातींची नावं पुसून न टाकता, आणि वस्त्या भरलेल्या असताना, म्हणजे दिवाळीआधी. दवाखाना, औषधं, परिचारिकेची फेरी हे सारं आकड्यांच्या मागून चालतं. बंद दाराला आजार विचारता येत नाही, आणि त्या दाराआडचं मूल सरासरीत निरोगीच ठरतं.