महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७
खाजगी शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची अर्हता, वेतन आणि सेवाशर्ती ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा. तो १९८१ च्या नियमावलीसह अमलात आला. अनुदानित शाळांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात, त्यामुळे नेमणुकीच्या अटीही शासनच घालते. माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाला पदवीबरोबर बी.एड. लागते. ठरलेली वेतनश्रेणी न दिल्यास शाळेची मान्यता जाऊ शकते. शिक्षकालाही खाजगी शिकवणी वर्गात काम करण्यास मनाई आहे. कायद्याचा खरा कणा म्हणजे शाळा न्यायाधिकरण: बडतर्फीचा आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत शिक्षक तेथे अपील करू शकतो. संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी टिकवणाऱ्या गावोगावच्या शिक्षकाला या तरतुदीने मोठा आधार दिला.