अजगर पाळावा की न पाळावा?

वाचकहो, माझा एक पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याचे मधूनमधून पत्र येते. अलीकडच्या रीतीने, म्हणजे फोनच्या पडद्यावर. गेल्या महिन्यात त्याने लिहिले : "काका, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. एक गोष्ट विचारतो, हसू नका. मुलाला अजगर पाळायचा आहे. प्रदर्शनात पाहून आला. अवघा हातभर आहे. त्याने वर्षभर पैसे साठवलेत. देऊ का आणून?"

मी हसलो, हे कबूल करतो. पण हसू ओसरल्यावर वाटले, पोराचा प्रश्न काही वेडगळ नाही. माणूस मोठे साप पाळत आला आहे तो आज-काल नव्हे, दोन-अडीच हजार वर्षे. आणि दर वेळी पाळावा की न पाळावा हा निवाडा कोणीतरी केलेला आहेच. तो कोणी केला, कोणत्या दिवशी केला आणि पुढे कोणाला निस्तरावा लागला, एवढेच आपण पाहू.

आपल्याकडे हा प्रश्न आता उरलेला नाही. लहानपणी आमच्या गावच्या बाजारात गारुडी येई, टोपलीतला अजगर काढून एखाद्या धीट पोराच्या गळ्यात घाली. मीही एकदा घालून घेतला होता. थंडगार, जड, आणि आतून हळूहळू सरकणारे काहीतरी खांद्यावर आहे, एवढंच आठवतं. घरी कळल्यावर आईने मला ओल्या अंगानिशी अंगणात उभा केला, ते मात्र जास्त आठवतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला अजगर संरक्षित केला. आज तो घरात ठेवणे हा गुन्हा आहे.

आता इतिहासाकडे वळू. पहिले नाव येते अलेक्झांडरच्या आईचे, ऑलिंपियास राणीचे. प्लुटार्क सांगतो की डायोनिससच्या उत्सवात ती माणसाळलेले मोठाले साप बरोबर नेई. टोपल्यांतून, आयव्हीच्या वेलींतून ते डोकी वर काढीत आणि पुरुषमंडळींची गाळण उडे. एकदा निजलेल्या राणीशेजारी साप पसरलेला फिलिप राजाने पाहिला आणि तेव्हापासून त्याचे मन तिच्यावरून उडाले, असेही तो लिहितो. घरात साप आला की घरातल्या दुसऱ्या माणसाला काय वाटते, याची ही बहुधा सर्वांत जुनी नोंद असावी!

पण मोठ्या सापाची खरी कथा आहे ती अलेक्झांड्रियाची. तिथल्या दुसऱ्या टॉलेमी राजाला चमत्कारिक जनावरांचा भारी शौक. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली ही गोष्ट डिओडोरसने लिहून ठेवली आहे. बक्षिसाच्या आशेने काही शिकाऱ्यांनी दक्षिणेकडच्या पाणथळीत एक प्रचंड साप हेरला. पहिल्यांदा त्यांनी सरळ दोरांचे फास टाकून पाहिले. दोघे प्राणाला मुकले, बाकीचे पळाले. मग त्यांनी डोके चालवले. लव्हाळ्याचा एक भलामोठा पिंजरा विणला, साप बाहेर गेल्यावर त्याचे बीळ दगडमातीने बुजवले आणि जवळच दुसरे भोक पाडून त्यात पिंजरा बसवला. साप परत आला तेव्हा माणसांनी, घोड्यांनी, कुत्र्यांनी, कर्ण्यांनी गदारोळ केला. बिचारा घाबरून नव्या बिळात शिरला तो पिंजऱ्यात. राजाने शिकाऱ्यांना बक्षिसे दिली आणि सापाला कमी कमी खाणे देऊन नरम केले. परदेशचे पाहुणे आले की त्यांना तो दाखवीत.

डिओडोरस त्याची लांबी तीस हात देतो, म्हणजे पंचेचाळीस फूट. ही अर्थातच थाप. आज मोजून नोंदलेला लांबात लांब साप पंचवीस फुटांच्या आसपास भरतो. शिकाऱ्याचा दोर प्रत्येक पिढीत थोडा लांबतो, दुसरे काय! पण कथेतली एक गोष्ट मला थाप वाटत नाही. हा साप पाळायला एक राजा लागला. त्याची जागा, त्याचे चाकर, त्याचा खजिना लागला. आणि तरीही "माणसाळवणे" म्हणजे काय, तर उपाशी ठेवणे. भुकेने मंद झालेला साप आणि माया लागलेला साप यांतला फरक पाहणाऱ्याला कळत नाही, पाळणाऱ्यालाही बऱ्याचदा कळत नाही.

रोमच्या टायबेरियस बादशहानेही साप पाळला होता व तो त्याला स्वतःच्या हाताने भरवी, असे स्वेटोनिअस लिहितो. एके दिवशी तो मुंग्यांनी खाल्लेला आढळला. जमावाच्या बळापासून सावध राहावे, असा कौल बादशहाने त्यातून घेतला. मला वाटते, सापाकडे नीट लक्ष नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असावा.

मधली शतके सोडून आपण एकदम १८१७ साली येऊ. 'अल्सेस्ट' नावाचे इंग्रजी लढाऊ जहाज त्या वर्षी पूर्वेच्या समुद्रात खडकावर फुटले आणि त्यावरची मंडळी बाटाव्हियाहून 'सीझर' जहाजाने मायदेशी निघाली. त्या जहाजावर बोर्निओचा सोळा फुटी अजगर होता आणि त्याच्या शिदोरीसाठी सहा बकऱ्या होत्या. आपल्या भाषेत त्याचे नावच 'अज-गर', शेळी गिळणारा. अल्सेस्टचा शल्यवैद्य मॅक्लाऊड याने अजगर बकरी कशी गिळतो याचे वर्णन असे केले आहे की ते वाचताना जेवणाची वेळ टाळावी. अजगर काही इंग्लंडला पोचला नाही. वाटेतच मेला.

अशा मेलेल्या आणि जगलेल्या अजगरांतूनच युरोपातली प्राणिसंग्रहालये भरली, आणि ज्ञानही तिथेच वाढले, हे मान्य केले पाहिजे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते, असे लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने भारतातून परतल्यावर सांगितले, तेव्हा पॅरिसच्या पंडितांनी ते उडवून लावले. थंड रक्ताचे जनावर ऊब कुठून देणार? पुढे १८४१ मध्ये त्याच पॅरिसच्या संग्रहालयात एका मादीने अंडी घातली. वालाँसियन याने वेटोळ्यात थर्मामीटर धरला, तो पारा भोवतालच्या हवेपेक्षा वर! १९६६ साली न्यू यॉर्कच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मादी स्नायू आखडून-सैल करून, म्हणजे जणू कुडकुडून, ही ऊब निर्माण करते. दोन महिने ती अंड्यांवरून हलत नाही. असल्या जनावराकडे एखाद्या मुलाचे मन ओढले गेले तर त्यात नवल काय? पुतण्याला मी हे आधी लिहिले. मुलगा खुळा नाही, हे बापाला कळले पाहिजे.

पण राजा, बादशहा आणि संग्रहालय यांच्यापुरता असलेला हा शौक साध्या घरात शिरला तो विसाव्या शतकात. विजेवरची ऊब, काचेच्या पेट्या आणि खाण्यासाठी गोठवलेले उंदीर-घुशी ही त्याची सामग्री. (पुतण्याच्या घरी गणपती बसतो. फ्रीझरमध्ये मोदकांच्या सारणाशेजारी गणपतीचे वाहन ठेवायचे की काय, हा सूनबाईंचा प्रश्न त्याने पत्रात लिहिला आहे. त्याला माझ्यापाशी उत्तर नाही.) १९९६ ते २००६ या काळात ब्रह्मदेशी अजगराची सुमारे नव्व्याण्णव हजार पिल्ले-जनावरे अमेरिकेत आयात झाली. हा आपल्या अजगराचा सख्खा चुलतभाऊ. २००९ पर्यंत दोन्ही एकाच जातीचे धरत. पण हा अंगाने अधिक थोराड. अंड्यातून निघाला की दीड-दोन फूट. खाणे भरपूर मिळाले तर पहिल्या वर्षातच सात-आठ फुटांवर जातो. पुढे सोळा-सतरा फूट आणि माणसाहून जड. आणि जगतो वीस-पंचवीस वर्षे.

इथे खरी गोम आहे. दुकानात निवाडा होतो तो हातभर जनावर पाहून. ज्या दिवशी ते अगदी निरुपद्रवी असते, नेमका तो दिवस. राजाला निदान आपण काय आणतो आहोत हे दिसत होते. त्याचे शिकारी त्या सापासाठी मेले होते.

दहा वर्षांनी काय होते? मुलगा कॉलेजला जातो. अजगराला एक खोली लागते. उंदीर पुरेनात, ससे आणावे लागतात. त्याला हाताळायला एकटा माणूस सहसा पुरत नाही. संग्रहालये घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे आधीच पुष्कळ असतात. मग एखाद्या संध्याकाळी गाडीच्या मागच्या भागात पोते ठेवून कोणी तळ्याकाठी जातो. "मोकळा सोडला" असे तो घरी सांगतो, आणि त्याला ते खरेही वाटत असते.

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाची अफाट पाणथळ आहे. १९४७ पासून ती राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ब्रह्मदेशी अजगर पहिल्यांदा १९७९ साली सापडला. १९९२ च्या अँड्र्यू वादळात अजगरांची पैदास करणारे एक केंद्रही उद्ध्वस्त झाले आणि तिथलेही काही जंगलात गेले असावेत, असे म्हणतात. पण सगळा दोष वादळावर टाकून माणसाला मोकळे होता येणार नाही. २००० सालापर्यंत तिथे अजगरांचा वंश वाढतो आहे हे मान्य करावे लागले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रात्री रस्त्यावर दिसणाऱ्या प्राण्यांची पूर्वीच्या नोंदींशी तुलना केली. रॅकून दिसण्याचे प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांनी घटले होते, ओपॉसमचेही जवळजवळ तितकेच. ससे तर दिसेचनात. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने या अजगराची आयात बंद केली. तेहतीस वर्षे लागली.

मग पकडापकड सुरू झाली. २०१३ साली जाहीर शर्यत लावली. सुमारे सोळाशे लोक उतरले, अजगर मिळाले अडुसष्ट. गवतात पायाशी पडलेला अजगरसुद्धा दिसत नाही, असा त्याचा रंग. शेवटी २०१७ च्या जानेवारीत तमिळनाडूतले इरुळा जमातीचे दोन जाणकार, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल, यांना तिथे बोलावले. यांच्या बापजाद्यांचा धंदा साप पकडण्याचा. कातड्यांचा व्यापार बंद पडल्यावर १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था लसीसाठी विष काढून देते. हातात एक सळई, कुत्री वगैरे बरोबर. जमिनीवरची घासटलेली रेघ, विष्ठा, कात असे वाचत ते चालले आणि दोन आठवड्यांच्या आत तेरा अजगर काढून दिले. त्यांत एक सोळा फुटी मादी होती. २०२३ साली या दोघांना पद्मश्री मिळाली. दुसऱ्याच्या दारातली हौस उपसायला कांचीपुरम-चेंगलपट्टूकडची माणसे समुद्रापलीकडे न्यावी लागली, हे मला फार लागते.

आता पुतण्याच्या गावचा कायदा. ओहायोत २०११ साली एका माणसाने आपले पाळीव वाघ, सिंह, अस्वले अशी सुमारे पन्नास जनावरे मोकळी सोडली आणि स्वतः जीव दिला. त्यातून पुढच्या वर्षी कायदा आला. त्यात मोठ्या अजगरांचीही नावे आहेत, पण अट अशी की जनावर बारा फूट किंवा त्याहून लांब असले पाहिजे. अकरा फुटांचा असेपर्यंत तो त्या यादीत बसत नाही. कायद्यानेही शेवटी दुकानातल्या गिऱ्हाईकासारखेच केले, त्या दिवशीची लांबी पाहिली.

आणि बारा फुटांखाली भय नाही असे समजू नये. २००९ च्या जुलैत फ्लॉरिडात एका घरातला साडेआठ फुटी अजगर रात्री पेटीतून निसटला आणि दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्याला बरेच दिवस खाणे मिळालेले नव्हते. घरच्या दोघांना २०११ मध्ये शिक्षा झाली. मी पुतण्याला हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. त्याच्या घरात धाकटी आहे, तीन वर्षांची. लिहिले.

त्याबरोबर हेही लिहिले की फ्लॉरिडात २००६ पासून एक व्यवस्था आहे. ज्यांना जनावर झेपत नाही त्यांनी ते आणून द्यावे, दंड नाही, जाबजबाब नाही. जे सांभाळू शकतील त्यांची पारख करून त्यांच्याकडे ते सोपवतात. म्हणजे अजगर पाळणारी शहाणी माणसेही आहेत, आणि त्यांना घर न मिळालेले मोठे अजगर मिळू शकतात. पोराला इतकीच हौस असेल तर मोठे होऊन असा एखादा घ्यावा. किंवा आता चार-साडेचार फुटांवर थांबणारा बॉल पायथन घ्यावा. तोही वीस-तीस वर्षे जगतो, हे मात्र त्याला आजच सांगावे.

परवा उत्तर आले. मुलाने कपडे वाळत घालायची दोरी आणली, पट्टीने सोळा फूट मोजले आणि ती हॉलमध्ये पसरली. दारापासून निघालेली दोरी सोफ्याला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली, आणि धाकटीच्या उंच खुर्चीच्या पायापाशी संपली. पोरगा बराच वेळ तिच्याकडे बघत बसला होता म्हणे. अजून काही बोललेला नाही. दोरी मात्र कोणाला उचलू देत नाही.